पुढचं चाक पावण्यांचं

सायकलला दोन चाकं असतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. यंदा फेब्रुवारीत आमच्या घरात ती चार झाली आणि माझं डोकं चालेनासं झालं.

जुनी धरली तर सहा. पण माझी जुनी अ‍ॅल्युमिनियमची चाकं ओसरीत कांद्याच्या पिशव्यांमागे पडली होती आणि त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. चर्चा होती ती नव्या दोन जोड्यांची. एक जोडी माझ्या मामांनी ओतूरहून पाठवलेली. कार्बनची, काळी, रिम चांगली चार बोटं खोल. हिला एअरो म्हणतात. सपाट रस्त्यावर ती वारा कापत जाते. दुसरी जोडी सासऱ्यांनी आणवलेली. तीही कार्बनचीच, पण रिम उथळ, आणि वजन इतकं कमी की सासूबाईंनी एक चाक एका बोटावर उचललं आणि 'ह्यात हाय तरी काय' म्हणून परत ठेवलं. ही चढाला बरी. शर्यतीच्या रस्त्यात सपाटीही होती आणि चढही होता. आता करा निवड.

मी हर्षाली. माहेर ओतूरचं, सासर घोडेगावजवळचं. वडील मी पाचवीत असताना गेले, त्यामुळे माझं शिक्षण, सायकल आणि लग्न हे तिन्ही दादाभाऊ मामांनी केलं. सासऱ्यांचं नाव सावळाराम, पण सगळे त्यांना आण्णा म्हणतात. घोडेगावात त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे आणि माझा नवरा सूरज ते बघतो. लग्न ठरायच्या बैठकीत मामांचं आणि आण्णांचं बोलणं झालं होतं. लग्नानंतर दोन वर्षं हर्षाली सायकल खेळेल. तेवढ्यात राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोचली तर पुढेही खेळेल, नाहीतर सायकल बंद करून दुकानात बसेल. आण्णा शब्दाचे पक्के. दोन वर्षांत मला सकाळी सायकल काढताना त्यांनी एकदाही अडवलं नाही. गावात कुणी तोंड वाकडं केलं, तर त्याला दुकानात उभ्या उभ्या सुनावलं.

आणि यंदाची निवडीची शर्यत ही दुसरी, म्हणजे शेवटची. जुन्नरहून निघायचं, घोडेगाव, शिनोली करत डिंभे धरणाच्या कडेने जायचं, पोखरीचा घाट चढायचा आणि तळेघरला संपवायचं. मुलींच्या गटातल्या पहिल्या तिघी राज्याच्या स्पर्धेला जाणार. गेल्या वर्षी मी सहावी आले होते. यंदा तिघींत आले नाही तर माझी सायकलही कांद्याच्या पिशव्यांमागे जाणार होती. सगळ्या गोंधळात एवढी एकच गोष्ट मला स्वच्छ दिसत होती.

दोन जोड्या आल्या कशा, हेही सांगायला हवं, कारण त्यात चाकांचा काही दोष नाही. आमच्या लग्नात सत्काराच्या वेळी माईकवाल्याने पतपेढीच्या कुठल्याशा संचालकाचं नाव आधी पुकारलं आणि मुलीच्या मामाचं नंतर. मामांनी फेटा बांधून घेतला, सगळ्यांना हात जोडले आणि न जेवता ओतूरची वाट धरली. चूक माईकवाल्याची, पण माईकवाला आण्णांनी ठरवलेला. तेव्हापासून मामांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. फोनवर माझ्याशी तासभर बोलायचे आणि शेवटी 'आण्णांना नमस्कार सांग' एवढंच म्हणायचे. आण्णांना ते फार लागलं होतं. मी नमस्कार सांगितला की ते दुसरीकडे बघत 'हां हां' म्हणायचे.

आणि अचानक मामांकडून चाकं आली. भाचीची शेवटची संधी म्हणून त्यांनी पुण्यात चौकशी करून मागवलेली. आण्णा दोन दिवस त्या खोक्याभोवती फिरले. सून आमची, आणि सुचलं कुणाला तर पावण्याला, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सूरजला पुण्याला पाठवलं. सूरजने दुकानात सांगितलं की घाट आहे, दुकानदाराने हलकी चाकं काढून दिली. झालं. आमच्या घरात दोन पक्ष तयार झाले आणि दोन्ही पक्षांचं चिन्ह चाक होतं.

मी इंटरनेटवर बसले, ही माझी पहिली चूक. एक गोरा माणूस सांगत होता की चढावर वजनच सगळं काही. दुसरा सांगत होता की वजनाचं खूळ सोडा, घाट फार उभा नसेल तर एअरोच बरी. तिसऱ्याने आकडेमोड करून देणारं पान दाखवलं. त्यात मी माझं वजन घातलं, सायकलचं घातलं, चढ घातला, वारा अंदाजाने घातला. उत्तर आलं की दोन्हींत फरक काही सेकंदांचा. वाऱ्याचा आकडा थोडा बदलला की तेच सेकंद उलट्या बाजूला जायचे. पोखरीच्या घाटात कधी कोणता वारा सुटेल हे घाटालाही माहीत नसतं, ते मी त्या पानाला काय सांगणार?

मग मी दोन्ही जोड्या चालवून बघितल्या. हलकी लावून घाट चढले तर पाय आपोआप फिरतायत असं वाटलं. खाली आल्यावर घड्याळ बघितलं तर वेळ नेहमीचीच. दुसऱ्या दिवशी एअरो लावून गेले. घाटात सायकल जड वाटली, चिडचिड झाली, आणि वेळ थोडी कमीच लागली. आता खरं कुणाचं, पायांचं की घड्याळाचं? तिसऱ्या दिवशी परत हलकी लावली, तर उसाच्या ट्रॅक्टरने घाटात वाट अडवली आणि त्या दिवसाचा काही हिशोबच लागला नाही.

सूरजला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही चांगलीच आहेत. मी म्हटलं, ते मलाही कळतं, पण लावू कोणती? तर म्हणाला, तू म्हणशील ती. एरवी हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पण ज्या माणसाचे वडील एका जोडीचे मालक आहेत आणि ज्याच्या बायकोचे मामा दुसऱ्या जोडीचे, त्याने 'तू म्हणशील ती' म्हणायचं म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहून दुसऱ्याला ढकलायचं. मी त्याच्याशी संध्याकाळभर बोलले नाही. त्याने तेही शांतपणे घेतलं, याचा मला आणखी राग आला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मामांची जीप आमच्या दारात उभी राहिली. मला वाटलं होतं ते थेट जुन्नरला येतील. पण त्यांनी आण्णांना स्वतः फोन केला होता आणि आण्णांनी घरात कुणाला काही न सांगता मासवड्यांचं सामान आणून ठेवलं होतं. सासूबाई सकाळपासून तीळ-खोबरं भाजत होत्या ते का, हे मला तेव्हा कळलं. मामा उंबऱ्यात क्षणभर थांबले. आण्णा पुढे झाले, त्यांनी मामांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघंही आत आले. मला रडू यायला लागलं म्हणून मी पाणी आणायला गेले.

जेवायला लवकरच बसलो, कारण सकाळी निघायचं होतं. पहिली भाकरी होईपर्यंत पिकांचं झालं, बिबट्याचं झालं, ओतूरच्या बाजाराचं झालं. दोघं चाकांच्या भोवती फिरत होते, पण विषय काढायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मामांनीच सहज विचारल्यासारखं विचारलं, की मग उद्या कोणती लावायची ठरली?

सूरज ताटातल्या कांद्याकडे बघायला लागला. माझं तर ठरलंच नव्हतं. आणि ठरलं असतं तरी त्या दोन तोंडांसमोर मी एकाचं नाव कसं घेतलं असतं?

मग आण्णांना ते सुचलं. आमच्या भागात बैलगाड्यांची शर्यत असते तेव्हा एकाच मालकाकडे सगळे बैल तयारीचे नसतात. मग दोन गावचे दोन मालक आपापले बैल एका गाड्याला पुढे-मागे जुंपतात. याला जुगलबंदी म्हणतात, आणि माईकवर दोघांचंही नाव लागतं. आण्णांनी उमेदीत असे पुष्कळ गाडे पळवलेले.

"पावणं," आण्णा म्हणाले, "आपुन जुगलबंदी करू. एक चाक तुमचं, एक आमचं."

मामांनी हातातला घास खाली ठेवला. थोडा विचार केला आणि हसले. लग्नानंतर त्या घरात मामा पहिल्यांदा हसत होते. "ह्ये ब्येस काढलं राव तुमी," म्हणाले. सासूबाईंनी दोघांनाही न विचारता रस्सा वाढला.

पण जुगलबंदी म्हटली की पुढचा कोण आणि मागचा कोण हे आलंच. आण्णा म्हणाले, पुढचं चाक पावण्यांचं. मामा म्हणाले, छे, घर तुमचं, सून तुमची, पुढचं तुमचंच. आण्णा म्हणाले, पोर तर तुम्ही वाढवली. मामा म्हणाले, दिली ना आता तुम्हाला. रस्सा निवला तरी दोघं एकमेकांना पुढे ढकलत होते. शेवटी आण्णांनी उष्टा हात ताटावर धरूनच दुसरा हात छातीला लावला.

"पावण्याचा बैल पुढं आन घरचा मागं, ही आमच्या घरची रीत हाय. एकदा आमच्याकडून मागं-पुढं झालं. आता व्हनार न्हाई."

हे चाकांबद्दल नव्हतं, हे सगळ्यांना कळलं. मामांचे डोळे भरून आले. ते खाली बघून म्हणाले, "जुनं काय काढता आण्णा. लावा पुढं."

आता माझी पंचाईत ऐका. तीन आठवडे इंटरनेटवर जे जे लोक एकमेकांच्या उरावर बसत होते, त्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. दोन जातींची चाकं मिसळायची असतील तर उथळ रिम पुढे आणि खोल रिम मागे. पुढचं चाक हँडलला जोडलेलं असतं. बाजूचा वारा खोल रिमवर आदळला की हँडलच फिरवतो. मागचं चाक तेवढा त्रास देत नाही. आणि मामांचं चाक खोल. म्हणजे पावण्यांचा मान राखायचा तर नेमकं उलटं होत होतं.

मी तोंड उघडलं. म्हटलं, "आण्णा, पुढं ती हलकी रिम असली तर—" आण्णा म्हणाले, तू जेव, उद्या तुला पळायचंय. मामांनी माझ्या ताटात आणखी एक वडी टाकली. दोघंही इतके खूश होते की मला पुढे बोलवेना. शिवाय मला तरी खात्री कुठे होती? इतकं उलटसुलट वाचलं होतं, की जे बरोबर वाटत होतं तेच मला खोटं वाटायला लागलं होतं. वारा सुटलाच नाही तर? धरणावर सकाळी कधी कधी पान हलत नाही. मी वडी खाल्ली.

सकाळी जुन्नरला थंडी होती. सायकलला पुढे मामांचं चाक, मागे आण्णांचं. उरलेली दोन चाकं, म्हणजे आण्णांचं पुढचं आणि मामांचं मागचं, जीपमध्ये. पंक्चर झालं तर असावीत म्हणून. प्रत्येकीच्या मागून एक गाडी चालेल असं आयोजकांनी सांगितलं होतं. आमच्या जीपमध्ये सूरज चालवायला आणि मागे हे दोघं मालक. इतर मुलींबरोबर त्यांचे प्रशिक्षक होते. माझ्याबरोबर सासर आणि माहेर होतं.

घोडेगावपर्यंत सगळं छान झालं. पुढच्या खोल चाकाचा घूं आवाज येत होता, रस्ता सपाट होता आणि मी पहिल्या पाचांत होते. पुण्याच्या दोघी पुढे, त्यांच्या मागे जुन्नरची एक, मग मंचरची एक, मग मी. घोडेगावच्या चौकात आमच्या दुकानासमोर लोक उभे होते. मला वाटलं, बघ, उगाच घाबरलीस, वडीलधाऱ्यांचं ऐकलं की बरंच होतं. शिनोलीपर्यंत मी असंच काहीबाही मनात बोलत होते.

शिनोली सोडली आणि पुढे धरणाचं पाणी दिसायला लागलं. तिथे डोंगराचा आडोसा सुटतो आणि पाण्यावरून येणारा वारा थेट बाजूने लागतो. पहिला झोत आला आणि हँडल माझ्या हातातून कुणी तरी ओढल्यासारखं झालं. मी रस्त्याच्या मधे गेले. सावरून कडेला आले तर दुसरा झोत. पुढच्या चौघी थोड्या हलल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्या मागे चिकटून राहायचं तर हँडल स्थिर पाहिजे, आणि माझं हँडल माझं ऐकतच नव्हतं. मी ब्रेक दाबत होते. सपाट रस्त्यावर, शर्यतीत, मी ब्रेक दाबत होते. त्या चौघी एका वळणाआड गेल्या तेव्हा मला भीती वाटली. पडायची थोडी आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसायची जास्त.

मी मनात हिशोब करायला लागले. थांबले तर वेळ जाणार. न थांबले तर असं हळूहळू रांगत घाटापर्यंत जाणार, आणि घाटातही वळणावळणावर वारा. थांबू? नको थांबू? आणखी एक झोत आला, सायकल खडीवर गेली, आणि मी हात वर केला.

जीप थांबली. दोघंही मालक दोन्ही दारांनी उतरले. मी म्हटलं, पुढचं चाक बदला, हलकं लावा. मामा लगेच खाली बसले, त्यांचा हात एक्सलवर गेलासुद्धा. तेवढ्यात आण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

"पावणं, तुमचं चाक काढलं तर तिच्या सायकलीवर तुमचं काय ऱ्हाईलं?"

मामा म्हणाले, पोरगी म्हणतेय ना. आण्णा म्हणाले, म्हणू द्या, पण मग मागचं आमचं काढू आणि तुमचं मागचं लावू, जोडी मोडायची नाही. मामा म्हणाले, राहू द्या आता, तेवढा वेळ कुठंय. आण्णा म्हणाले, वेळ काय लागतोय, तुम्ही पुढचं बघा, मी मागचं बघतो. हे सगळं इतक्या अदबीने चाललं होतं की रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असतं, दोघं एकमेकांना पान-सुपारी देतायत. आमच्या बाजूने एक मुलगी गेली. मग आणखी एक गेली.

मी ओरडले, की फक्त पुढचं, मागचं राहू द्या. मी आण्णांच्या समोर आवाज चढवून कधी बोलले नव्हते. पण तोवर त्यांनी मागचं चाक उपसलेलं होतं. आण्णांनी उभ्या आयुष्यात ट्रॅक्टरची चाकं बदलली आहेत. गिअरची सायकल त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली होती. चेन खाली लोंबली, त्यांनी ती वर चढवली तर ती दुसऱ्या बाजूला गेली. त्यांचे दोन्ही हात काळे झाले आणि तरी ते म्हणत होते, झालं, झालं. मामांनी पुढचं लावून केव्हाच संपवलं होतं आणि ते हात जोडावेत तसे उभे होते. शेवटी सूरज उतरला.

"आण्णा, बाजूला व्हा," तो म्हणाला.

दोन वर्षांत सूरजने पहिल्यांदाच कुणाची तरी बाजू घेतली. त्याने चेन बसवली, चाक घट्ट केलं आणि माझ्या पाठीला हात लावून ढकललं. त्याच्या हाताच्या ग्रीसचे डाग माझ्या जर्सीवर अजून आहेत.

आता सायकल कशी होती म्हणाल, तर पुढे उथळ, मागे खोल. सगळ्या जगाच्या मते अशा वाऱ्याला आणि अशा घाटाला हवी होती तशी. हँडल शांत झालं. जुगलबंदीही शाबूत होती. फक्त शर्यत पुढे निघून गेली होती.

घाटाच्या पायथ्यापासून मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. पहिल्या वळणावर त्या दोघींना मागे टाकलं. मग बराच वेळ कुणीच दिसलं नाही, नुसता रस्ता आणि माझा श्वास. चाक बरं आहे की वाईट, पाय खरे की घड्याळ खरं, हे काहीच डोक्यात राहिलं नाही. पोखरीच्या वर मंचरची मुलगी दिसली, ती उभी राहून चालवत होती. तिला गाठलं. तळेघरच्या अलीकडे भाताची रिकामी खाचरं लागतात, तिथे जुन्नरची मुलगी दिसली. ती तिसरी होती. मी दात आवळले आणि तिच्यामागे लागले. शेवटच्या चढाला तिचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकापासून हातभर लांब होतं. ते तेवढंच राहिलं. मी चौथी आले.

उतरल्यावर मी रस्त्याच्या कडेला गवतात बसले. मला रडायचं होतं, पण दम लागल्यावर धड रडताही येत नाही. जीप आली. मामा म्हणाले, चौथा नंबर म्हणजे काय थोडं नाही. आण्णांनी काळे हात बाटलीतल्या पाण्याने धुतले, ते निघाले नाहीत, मग धोतराला पुसले. सासूबाईंनी दिलेला डबा सूरजने सोडला आणि आम्ही शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसलो. कुणी खाईना.

मग आण्णा बोलले, पण माझ्याशी नाही. ते मामांना म्हणाले, की पावणं, दोन वर्षांचा शब्द होता, आता कसं करायचं? मामा म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. आण्णा म्हणाले, नाही, आज चूक माझी झाली, तुम्ही सांगाल ते मला मान्य. मामा म्हणाले, सून तुमची, मी कोण सांगणार? आण्णा म्हणाले, पोर तर तुमची.

मी ऐकत होते. हेच काल मासवडीवर ऐकलं होतं, हेच मघाशी धरणावर ऐकलं होतं. दोघंही माझ्यावर जीव टाकणारे, दोघंही भले, आणि दोघांच्या मधे मी सायकलसारखी आडवी पडलेली.

"आण्णा," मी म्हटलं, "शब्द तुमी दिला आणि मामांनी घेतला. मी तेव्हा आत चहा करत होते. मला कुणी विचारलं नव्हतं."

हे मी रागाने म्हटलं नाही. मला तर ते बोलताबोलताच पहिल्यांदा कळत होतं. सूरजने माझ्याकडे बघितलं. आण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला आणि ते माझ्याकडे वळून बसले.

"मग काय म्हननं हाय तुजं?"

"तिचं काय म्हननं असनार आण्णा," मामा लगेच म्हणाले, "तुमी म्हणाल त्येच तिचं."

"मामा, थांबा," मी म्हटलं. "मला विचारलंय."

मामा थांबले. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर तयार नाही. असेल कसं? हा प्रश्न मला आजपर्यंत कुणी केलाच नव्हता. मीही केला नव्हता. तीन आठवडे मी चाकांचा गोंधळ घालत बसले होते, आणि चाकं कशासाठी हवीत हे कुणालाच विचारलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. कुणी घाई केली नाही. दोघंही मालक वाट बघत होते.

"मला चालवायची आहे," मी म्हटलं. "निवड झाली तरी आणि नाही झाली तरी. सकाळी मी सायकलवर जाणार. दुपारनंतर दुकानात बसेन. पुढच्या वर्षी परत येणार. आणि सहावी आले तरी त्याच्या पुढच्या वर्षी परत येणार."

बोलून झाल्यावर मला माझीच भीती वाटली. आण्णा मामांकडे बघतील असं मला वाटलं. मान वळली की पुन्हा सगळं सुरू होणार होतं, तुम्ही सांगा, नाही तुम्ही सांगा. मी त्यांच्या मानेकडेच बघत होते.

आण्णांनी मामांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघूनच ते "बरं" म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा पुन्हा हातात घेतला.